नाफ्प्लिओला मुक्कामी जा: किल्ले, मायसीनी आणि एपिदाव्रोस निवांत पाहण्यासाठी

अथेन्समधून निघणारी एक ठरलेली एकदिवसीय सहल असते. सकाळी कोरिंथचा कालवा, मग मायसीनी या प्राचीन नगरीचे अवशेष, मग एपिदाव्रोसचं प्राचीन नाट्यगृह, आणि मधल्या वेळात जेवणापुरतं नाफ्प्लिओ. गाइड सांगतो, ‘एक तास आहे, सव्वादोनला बसपाशी या.’ त्या तासात बंदरावरून समुद्रातल्या किल्ल्याचा फोटो निघतो, हातात आइस्क्रीम येतं आणि बस हलते.

माझं म्हणणं उलट आहे. बिऱ्हाड नाफ्प्लिओत टाका आणि बाकीची ठिकाणं तिथून पाहा. मायसीनी, तिरिन्स, एपिदाव्रोस, आर्गोस ही सगळी तीसेक किलोमीटरच्या आत आहेत. उन्हाच्या आणि बसगाड्यांच्या आधी तुम्ही तिथे पोहोचू शकता, आणि संध्याकाळी सहलीचे लोक अथेन्सला परतले की गावही तुमचंच. ज्याला गडकिल्ल्यांचं वेड आहे, त्याने तर हे गाव तासाभरात उरकण्याचा विचारही करू नये. एका गावाला तीन किल्ले आहेत: एक डोंगरावर (पालामिदी), एक गावाला लागून असलेल्या कड्यावर (आक्रोनाफ्प्लिया) आणि एक भर समुद्रात (बुर्त्झी).

नाफ्प्लिओ ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात, आर्गोसच्या आखाताच्या काठावर आहे. अथेन्सपासून अंतर साधारण 140 किलोमीटर. बायझंटाइन, फ्रँक, व्हेनिसवाले, तुर्क, पुन्हा व्हेनिसवाले, पुन्हा तुर्क असे धनी बदलत बदलत हे बंदर 1822 मध्ये ग्रीक क्रांतिकारकांच्या हाती आलं. 1829 ते 1834 ही पाच वर्षं ते नव्या ग्रीसची राजधानी होतं. अथेन्सचा मान त्यानंतरचा.

कधी जायचं, किती रात्री राहायचं

तीन रात्री किमान, चार असतील तर उत्तम. एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस सगळ्यात चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 च्या वर सहज जातो आणि मायसीनीला सावली जवळजवळ नाहीच. तरीही एपिदाव्रोसला रात्रीचं नाटक पाहायचं असेल तर तेच दोन महिने हाताशी आहेत, कारण महोत्सवाचा हंगामच तो. अशा वेळी दुपारी बारा ते पाच खोलीत किंवा पाण्यात राहायचं, हा नियम पाळा.

महिन्याइतकाच वारही महत्त्वाचा. नाफ्प्लिओ हे अथेन्सकरांचं शनिवार-रविवारचं आवडतं ठिकाण आहे, अगदी हिवाळ्यातसुद्धा. शुक्रवारी संध्याकाळपासून खोल्यांचे भाव चढतात आणि जेवायला टेबल मिळत नाही. म्हणून रविवारी दुपारी पोहोचा आणि गुरुवारी निघा. तीच खोली, तोच समुद्र, भाडं बरंच कमी. फक्त संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी बहुतेकदा मंगळवारी असते, तेवढं सांभाळून बेत आखा. ऑर्थोडॉक्स ईस्टर कधी आहे तेही कॅलेंडरवर पाहून ठेवा. तो आपल्याकडच्या ख्रिस्ती बांधवांच्या ईस्टरच्याच दिवशी येईल असं नाही, आणि त्या आठवड्यात अख्खा ग्रीस प्रवासात असतो.

व्हिसा आणि विमान

ग्रीसला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो. उन्हाळ्यात जायचं असेल तर भेटीची वेळ मिळवण्यातच आठवडे जातात, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा हवा, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट अजून तीन महिने तरी वैध असायला हवा. ग्रीसबरोबर इटली किंवा फ्रान्सही करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

मुंबईहून आखाती शहरांमार्गे किंवा इस्तंबूलमार्गे अथेन्स गाठता येतं. दुपारपर्यंत उतरणारं विमान मिळालं तर त्याच दिवशी नाफ्प्लिओ गाठता येतं. रात्री उशिरा उतरत असाल तर मात्र अथेन्समध्ये झोपा. पासपोर्ट तपासणीला हाताशी वेळ ठेवा. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे.

अथेन्सहून नाफ्प्लिओ

रेल्वेचा विचार डोक्यातून काढून टाका. या बाजूची गाडी 2011 मध्येच बंद झाली. खरा पर्याय म्हणजे केटेल, म्हणजे जिल्हावार चालणाऱ्या बस. नाफ्प्लिओची बस अथेन्सच्या किफिसोस बस स्थानकावरून सुटते. विमानतळावरून थेट तिथे जाणारी एक्स 93 ही शहर बस आहे. तुम्ही आधीच अथेन्सच्या मध्यवस्तीत असाल तर ओमोनिया चौकाजवळून 051 क्रमांकाची बस पकडा.

किफिसोस हे मोठं, गोंगाटाचं, थोडं कळकट स्थानक आहे. आपल्या एसटी स्टँडवर वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही. खिडकीवर आर्गोलिदा या नाफ्प्लिओच्या जिल्ह्याची पाटी शोधा. बसवरची नावं बरेचदा ग्रीक लिपीत असतात, म्हणून नाफ्प्लिओचं ग्रीक लिपीतलं नाव फोनमध्ये जपून ठेवा. प्रवास दोन ते अडीच तासांचा.

वाटेत कोरिंथचा कालवा लागतो. 1893 मध्ये खुला झालेला, सव्वासहा किलोमीटरच्या आसपास लांब आणि जेमतेम वीस-पंचवीस मीटर रुंद असा हा कातळात उभा कापलेला चर. महामार्गावरून तो डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मागे जातो. नीट पाहायचा असेल तर इस्थमॉस थांब्यावर उतरून जुन्या पुलापर्यंत चालत जावं लागतं. सामान सोबत असेल तर मी म्हणेन, सोडून द्या.

कालव्यानंतर डोंगर सुरू होतात. याच भागात देर्वेनाकियाची खिंड आहे. 1822 च्या उन्हाळ्यात द्रामाली या सेनापतीची प्रचंड तुर्की फौज आर्गोसहून माघारी फिरत असताना क्रांतीतला ग्रीक सेनानी थिओदोरोस कोलोकोट्रोनिसने तिला इथे खिंडीत गाठून कापून काढलं. गनिमी काव्यात मुरलेला हा माणूस पुढे नाफ्प्लिओच्या किल्ल्यात पुन्हा भेटेल, तेव्हा नाव लक्षात ठेवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतातूनच आरटीओचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या, आणि ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर नोंदणी करतानाच तसं स्पष्ट सांगा. तिकडे गिअरची गाडी हाच नेम. गाडी चालवायची रस्त्याच्या उजव्या बाजूने. नाफ्प्लिओत गाडी बंदराजवळच्या मोठ्या मोकळ्या वाहनतळावर लावायची आणि विसरून जायची. जुन्या गावाच्या गल्ल्यांत ती घुसवू नका.

खोली कुठे घ्यायची

जुन्या गावातच. नव्या वस्तीत खोल्या स्वस्त आणि मोठ्या असतात, पण ज्यासाठी आलो ते सगळं जुन्या गावात आहे. सिंताग्मा चौक आणि बंदर यांच्या मधल्या सपाट भागात राहिलात तर चालणं सोपं. चौकाच्या दक्षिणेकडे कड्याला बिलगून चढत जाणाऱ्या गल्ल्यांत राहिलात तर गच्चीतून आखात दिसतं, पण बॅग डोक्यावर घेऊन पन्नाससाठ पायऱ्या चढाव्या लागतात. आईवडील बरोबर असतील तर घरमालकाला तीन प्रश्न आधी विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, खोली कितव्या मजल्यावर, आणि लिफ्ट आहे का. जुन्या घरांत लिफ्ट सहसा नसते.

खोलीच्या भाड्याशिवाय ग्रीस सरकारचा एक पर्यावरण कर प्रत्येक रात्रीमागे, प्रत्येक खोलीमागे द्यावा लागतो. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये हॉटेलच्या ताऱ्यांनुसार तो 2 ते 15 युरो पडतो. ऑनलाइन भाडं भरताना तो बरेचदा दिसत नाही आणि काउंटरवर मागितला जातो. ती फसवणूक नव्हे, वाद घालू नका.

पहिली संध्याकाळ: गाव

पोहोचल्या दिवशी कुठलंही तिकीट काढू नका. सिंताग्मा चौकातून सुरुवात करा. चौकाची फरसबंदी गुळगुळीत संगमरवरी आहे. पाऊस पडून गेला की ती बुळबुळीत होते, तेव्हा चपलेचा तळ पाहून घ्या. चौकाच्या एका टोकाला व्हेनिसच्या आरमाराचं 1713 चं दगडी कोठार आहे, तेच आता पुराणवस्तू संग्रहालय झालंय. आसपास दोन जुन्या मशिदी दिसतात. त्यातल्या एकीत स्वतंत्र ग्रीसची पहिली संसद भरत असे.

चौकातून वरच्या अंगाला चढत संत स्पिरिडॉनचं छोटं चर्च गाठा. 9 ऑक्टोबर 1831 च्या सकाळी ग्रीसचा पहिला राष्ट्रप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास इथे प्रार्थनेला येत होता. दारातच मावरोमिखालिस घराण्यातल्या दोघांनी, काका-पुतण्यांनी, त्याला मारलं: एकाने गोळी घातली, दुसऱ्याने खंजीर चालवला. त्यांच्या घराण्याच्या म्होरक्याला त्याने कैदेत टाकलं होतं, त्याचा हा सूड. दाराशेजारच्या भिंतीवर काच बसवलेली एक खळी आहे; गोळीची खूण म्हणून ती जपली आहे. तळहाताने झाकली जाईल एवढीच ती जागा आहे, आणि फलक वाचला नाही तर माणूस तिच्या शेजारून निघून जातो.

तिथून पुन्हा खाली उतरून बंदराच्या कडेने पश्चिमेला चालत राहा. आक्रोनाफ्प्लियाच्या कड्याला वळसा घालून एक पायवाट समुद्राच्या अगदी काठाने आर्वानित्सिया या खडेवाल्या किनाऱ्यापर्यंत जाते. एका हाताला उभा कातळ आणि निवडुंग, दुसऱ्या हाताला पाणी. दरडींमुळे ही वाट मधूनमधून बंद ठेवतात. फाटक लावलेलं असेल तर पलीकडून उडी मारून जाऊ नका, गावातून वरच्या रस्त्याने किनाऱ्यावर उतरा.

पालामिदी

दुसऱ्या दिवशी सकाळी, किल्ला उघडण्याच्या वेळी. उन्हाळ्यात दार आठला उघडतं आणि संध्याकाळपर्यंत खुलं असतं. हिवाळ्यात दुपारी साडेतीनच्या सुमारास बंद होतं.

किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून 216 मीटर. गावातून वर जाणाऱ्या पायऱ्या 999 आहेत असं सगळे सांगतात. हजारावी होती, पण ती कोलोकोट्रोनिसच्या घोड्याने टापेखाली फोडली, अशी कथा. ज्यांनी खरोखर मोजल्या त्यांचे आकडे यापेक्षा कमी भरतात. आकडा काहीही असो, रायगड पायऱ्यांनी चढलेल्या माणसाला हे काम अर्ध्यापाऊण तासाचं आहे. पायऱ्या डोंगराच्या गावाकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला असल्याने सकाळी त्यांच्यावर सावली असते. हाच चढ दुपारी चारला चढलात तर ऊन थेट पाठीवर. मागच्या बाजूने डांबरी रस्ताही वरच्या दरवाजापर्यंत जातो. गुडघे दुखरे असतील तर पायऱ्यांनी चढून टॅक्सीने उतरा. बरेच लोक नेमकं याच्या उलट करतात आणि दुसऱ्या दिवशी जिन्याला धरून उतरतात. पाण्याची बाटली खालूनच भरून न्या.

आता किल्ल्याविषयी. पालामिदी व्हेनिसवाल्यांनी 1711 ते 1714 अशा अवघ्या तीन-चार वर्षांत उभा केला. आपल्याकडच्या बहुतेक गडांसारखी इथे एक सलग तटबंदी आणि तिच्या आत राजवाडा, बाजार, वस्ती अशी रचना नाही. इथे आठ बुरूज आहेत, आणि बुरूज म्हणजे तटातून बाहेर आलेला गोलवा नव्हे. प्रत्येक बुरूज हा एक स्वतंत्र छोटा किल्लाच आहे. त्याचं स्वतःचं पाण्याचं टाकं, दारूकोठार, तोफांच्या जागा, जंग्या. एक पडला तरी उरलेल्यांनी लढत राहावं, आणि पडलेल्या बुरुजात घुसलेल्या शत्रूवर शेजारच्याने तोफ डागावी, असा हिशेब. बुरुजांना आज लिओनिदास, मिल्तियादिस, थेमिस्तोक्लिस अशी प्राचीन वीरांची नावं आहेत. ती ग्रीकांनी नंतर दिली.

हिशेब कागदावर चोख होता. पण बांधकाम पुरतं होतं न होतं तोच 1715 मध्ये तुर्कांनी हल्ला केला आणि आठवड्याभरात किल्ला घेतला. सगळ्यात कमकुवत राहिला होता अखिलीस नावाचा बुरूज, भिंती ठेंगण्या. ग्रीक पुराणातल्या अखिलीसची, म्हणजे अकिलीसची, टाच (त्याच्या अंगातला तेवढाच दुबळा भाग) आठवून हसू येतं. गंमत पुढे आहे. शंभर वर्षांनी, 30 नोव्हेंबर 1822 च्या पहाटे, स्ताइकोस स्ताइकोपुलोसच्या मावळ्यांनी (दुसरा शब्द सुचत नाही) ज्या बाजूने शिड्या लावल्या तोही हाच बुरूज. तेव्हा किल्ल्यात फिरताना दरवाजावरचा पंखवाला सिंह, व्हेनिसच्या सेंट मार्कचं चिन्ह, पाहून झालं की थेट दक्षिण टोकाकडे जा आणि या बुरुजाची उंची इतरांशी ताडून पाहा. फलकाशिवायही कळतं की शत्रू इथूनच का चढला.

संत आंद्रेयासच्या बुरुजात एक लहान चर्च आहे आणि त्याच्या जवळच कोलोकोट्रोनिसची म्हणून दाखवतात ती कोठडी. दार इतकं बुटकं की गुडघ्यांवर बसून आत सरकावं लागतं. आत उजेड नाही, उभं राहायला मोकळी जागा नाही. ज्याने देर्वेनाकियाला फौज बुडवली, त्यालाच स्वतंत्र ग्रीसच्या सरकारने 1834 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा फर्मावली. गादीवर बव्हेरियाहून आणलेला अल्पवयीन राजा ओथोन होता आणि कारभार त्याच्या जर्मन पालकमंडळाच्या हाती. पाच न्यायाधीशांपैकी दोघांनी, अनास्तासिओस पोलिझोइदिस आणि गेओर्गिओस तेर्तसेतिस यांनी, निकालपत्रावर सही करायला साफ नकार दिला. शिपायांनी त्यांना ओढत आणून खुर्च्यांवर बसवलं, तरी सही झाली नाही. फाशी पुढे कैदेत बदलली आणि राजा सज्ञान झाल्यावर 1835 मध्ये म्हातारा सुटला. खाली गावात उतरल्यावर कोर्टाच्या इमारतीसमोर त्या दोन न्यायाधीशांचे पुतळे आहेत, ते चुकवू नका.

एवढं सगळं पाहायला अडीच तास लागतात. कठडे बऱ्याच ठिकाणी नाहीत. लहान मुलांचा हात सोडू नका.

बुर्त्झी आणि आक्रोनाफ्प्लिया

बंदरासमोरच्या खडकावर उभा असलेला बुर्त्झी 1473 मध्ये व्हेनिसवाल्यांनी बांधला. या जलदुर्गापासून किनाऱ्यापर्यंत साखळी ओढून ते बंदराचं तोंड बंद करत. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याला एक विचित्र रहिवासी मिळाले: पालामिदीच्या तुरुंगातल्या कैद्यांना देहदंड देणारे जल्लाद. गावकऱ्यांना ते वस्तीत नको होते, म्हणून त्यांची सोय पाण्यात. त्यानंतर काही वर्षं तिथे चक्क हॉटेल चालत होतं. धक्क्यावरून छोट्या होड्या सुटतात. होडी नुसता वळसा घालणार आहे की उतरू देणार आहे, हे तिकीट काढण्याआधी विचारा.

आक्रोनाफ्प्लिया हा तिघांत सगळ्यात जुना, पण पाहायला सगळ्यात विस्कळीत. मधेच हॉटेलं, वाहनतळ, पडके तट. संध्याकाळी फिरायला म्हणून जा, तिकीट नाही.

मायसीनी आणि तिरिन्स

या दिवसाची तयारी आदल्या दिवशी करा: सिंताग्मा चौकातलं संग्रहालय आधी पाहा. तिथे जवळच्या देंद्रा गावातल्या थडग्यात सापडलेलं कांस्याचं चिलखत आहे, इसवी सन पूर्व पंधराव्या शतकातलं. मानेपासून मांड्यांपर्यंत पत्र्याचे जाड पट्टे, आणि सोबत रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. ते पाहून गेलं की मायसीनीचे दगड नुसते दगड राहत नाहीत.

मायसीनीला नाफ्प्लिओहून बस आहे, पण दिवसाला मोजक्याच, रविवारी आणखी कमी. काही बस फिख्तीपर्यंतच जातात, तिथून अवशेष चार किलोमीटर चढावर. म्हणून बसमध्ये बसताना ‘आर्किओलॉजिकल साइट’ असं विचारून खात्री करा आणि परतीची वेळ लिहून घ्या. स्थानिक लोक गावाला मिकिनेस म्हणतात. चौघे असाल तर अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवणं परवडतं: मायसीनी, परतताना तिरिन्स. आठला दारात हजर राहा. अथेन्सच्या बसगाड्या साडेदहानंतर येऊ लागतात.

सिंहद्वार इसवी सन पूर्व 1250 च्या सुमाराचं. आत शिरताच उजवीकडे ते गोल दफनस्थळ, जिथे 1876 मध्ये हाइनरिश श्लीमानला सोन्याचे मुखवटे सापडले. त्यातला ‘आगामेम्नॉनचा’, म्हणजे ट्रॉयच्या युद्धकथेतल्या मायसीनीच्या राजाचा, म्हणून गाजलेला मुखवटा अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, इथे शोधू नका. आणि तो आगामेम्नॉनचा नाहीच. ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ धरतात त्याच्या तीनेकशे वर्षं आधीचा आहे. टेकडीच्या मागच्या टोकाला जमिनीखाली उतरणारं पाण्याचं टाकं आहे. वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून तटाखालून खोदलेला जिना, खाली गुडुप अंधार. उतरायला मोकळं ठेवलं असेल तर मोबाइलच्या टॉर्चच्या भरवशावर न राहता चांगली विजेरी न्या.

तिकीट फेकू नका. खाली रस्त्यावर अर्ध्या किलोमीटरवर ‘आत्रेउसचा खजिना’ आहे, त्याच तिकिटात. खजिना वगैरे काही नव्हे, थडगं. पण आत उभं राहून वर पाहा: तेरा मीटर उंचीचा, दगडाचे थर पुढे सरकवत बांधलेला घुमट. दरवाजावरच्या आतल्या तुळईचा एकच दगड शंभर टनांहून जड. सहलीचे बरेच गट इथे थांबतच नाहीत.

तिरिन्स नाफ्प्लिओपासून चारच किलोमीटर, आर्गोसच्या रस्त्यावर, शेजारी शेतकी तुरुंग. राजवाड्याचे अवशेष सामान्य वाटतील, भिंती मात्र अफाट: काही ठिकाणी आठ मीटर जाड. ग्रीकांना पुढे वाटू लागलं की हे दगड एकडोळ्या राक्षसांनी रचले असणार. तटातल्या टोकदार छताच्या बोळांत खालचे दगड आरशासारखे गुळगुळीत आहेत. शतकानुशतकं मेंढपाळ इथे कळप कोंडत, आणि लोकरीने घासून घासून ही झिलई आली, असं सांगतात. हात फिरवून पाहा, पटतं.

एपिदाव्रोस

इथे एक घोळ हमखास होतो. एपिदाव्रोस नावाची ठिकाणं एकाहून जास्त आहेत. समुद्रकाठचं पालेआ एपिदाव्रोस हे वेगळं गाव, नेआ एपिदाव्रोस आणखी वेगळं. प्राचीन मोठं नाट्यगृह आहे लिगुरिओ गावाजवळ, आस्क्लेपिओस या वैद्यदेवाच्या स्थानात. बसवाल्याला ‘आर्खेओ थेआत्रो’ असं सांगा.

नाट्यगृह इसवी सन पूर्व चौथ्या शतकातलं, 55 रांगा, तेरा-चौदा हजार प्रेक्षकांची जागा. गाइड मध्यभागी नाणं टाकतात, काडी ओढतात, आणि वरच्या रांगेतले लोक माना डोलावतात. 2017 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी हजारो मोजमापं घेऊन सांगितलं की कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते हा अतिशयोक्तीचा भाग. पण खणखणीत आवाजात बोललेलं मात्र स्वच्छ पोहोचतं. एकाने खाली उभं राहून चार ओळी म्हणाव्यात, बाकीच्यांनी वर बसून ऐकावं. नाटकाची गोडी असलेल्या मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. गर्दीच्या आधी, म्हणजे उघडल्या उघडल्या, हे जमतं.

जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी रात्री इथे प्राचीन नाटकांचे प्रयोग होतात. ऑपेरा गायिका मारिया कॅलस 1960 मध्ये इथेच गायली. इंग्रजी शीर्षकं पडद्यावर दिसतात, त्यामुळे ग्रीक येत नसलं तरी अडत नाही. तिकीट महोत्सवाच्या संकेतस्थळावर आधी काढा, दगडावर बसायला काहीतरी मऊ न्या, आणि परतीच्या बसची किंवा टॅक्सीची सोय जाण्यापूर्वी पक्की करा. प्रयोग मध्यरात्रीच्या सुमारास सुटतो आणि तिथे रिक्षा उभ्या नसतात. शुक्रवार-शनिवारची महागाई टाळायचा माझा सल्ला या एका कारणासाठी मोडायला हरकत नाही.

नाट्यगृह पाहून लगेच परतू नका. मागच्या झाडीत आस्क्लेपिओसचं आरोग्यधाम पसरलं आहे. रोगी एका लांब ओसरीत झोपत, देव स्वप्नात येऊन उपाय सांगे. बरे झालेल्यांनी कोरून ठेवलेले शिलालेख संग्रहालयात आहेत. स्वतःची गाडी असेल तर नाफ्प्लिओच्या रस्त्यावर आर्कादिकोजवळ थांबा: मायसीनी काळातला, तीन हजार वर्षांहून जुना दगडी पूल ओढ्यावर अजून उभा आहे. तिकीट नाही, रांग नाही.

समुद्र

आर्वानित्सिया गावाला लागून आहे, पण खडे टोचतात, पाण्यातले बूट घाला. वाळू हवी असेल तर तिथूनच तीनेक किलोमीटर सपाट वाटेने चालत काराथोनाला जा. तोलो बसने जवळ आहे. सरळसोट सुट्टीचं गाव, मुलं खूश होतील, मोठ्यांना फारसं काही नाही.

खाणं आणि पैसे

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. वांगी-बटाटे-भोपळ्याचं ब्रिआम, भात भरलेले टोमॅटो म्हणजे येमिस्ता, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे यीगांतेस, पिवळ्या डाळीचं फावा, उकडलेली रानभाजी होर्ता. मात्र येमिस्तात कधी खिमा असतो, म्हणून ‘होरिस क्रेआस’, मांसाशिवाय, असं विचारा. त्यांच्या उपवासाच्या पदार्थांना निस्तीसिमो म्हणतात. त्यात दूध, अंडी, मांस नसतं, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, तेव्हा तो शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. मासे किलोच्या भावाने लावतात. ताटात येण्याआधी वजन विचारायला लाजू नका. ग्रीक लोक रात्री नऊनंतर जेवतात. सातला गेलात तर टेबल हमखास मिळतं. द्राक्षाची वाइन घेणाऱ्यांनी जवळच्याच नेमेआची लाल आयोरयितिको मागावी. हिवाळ्यात गेलात तर आर्गोसच्या सपाटीवरची संत्री खा, रस्त्याकडेला पिशवीभर मिळतात.

कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. होडी, टपरी, छोटी बस यांसाठी थोडी रोकड ठेवा. पुरातत्त्वस्थळांच्या तिकिटांचे दर एप्रिल 2025 मध्ये बरेच वाढले आहेत. जुन्या ब्लॉगांवरचे आकडे धरून बजेट केलंत तर चुकेल. मायसीनी, एपिदाव्रोससारख्या मोठ्या ठिकाणांना माणशी वीसेक युरो धरून चाला आणि तिकीट सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. नोव्हेंबर ते मार्च पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो.

परतीचा दिवस

विमान संध्याकाळचं असेल तर सकाळचीच बस घ्या. किफिसोसला उतरून एक्स 93 ने विमानतळ गाठायला, अथेन्सची वाहतूक धरून, दीड तास हाताशी ठेवा. विमान पहाटेचं असेल तर शेवटची रात्र अथेन्समध्ये काढा. रविवारी दुपारनंतर नाफ्प्लिओहून निघणं शक्यतो टाळा. त्या वेळी सगळे अथेन्सकर परतत असतात, बस भरलेल्या आणि कोरिंथपासून पुढे गाड्यांची रांग. जाणं भागच असेल तर तिकीट आदल्या दिवशी स्थानकाच्या खिडकीवरून काढून ठेवा.